कोड कॉम्प्रेसरचा, दोष कुठला?

प्रश्न : माझ्या डिस्कव्हरी ३ मध्ये एअर सस्पेन्शनचा दिवा लागतो. स्कॅनरवर सी१ए२० कोड येतो. सकाळी गाडी चारही बाजूंनी बसलेली असते. मेकॅनिक कॉम्प्रेसर बदलायला सांगतात. बदलू का?

उत्तर : थोडं थांबा. हा कोड एवढंच सांगतो, की टाकी भरताना दाब हवा तितक्या वेगाने चढत नाही. कॉम्प्रेसर थकला असेल, पण हवा गळत असली तरी हेच होतं. गळती भरून काढताना तो जास्त चालतो, तापतो आणि शेवटी खरोखरच निकामी होतो. म्हणजे आज नवा बसवलात आणि गळती तशीच राहिली, तर तोही लवकर जाईल.

गाडी चारही बाजूंनी बसते, याने फसू नका. ही गाडी बंद असतानाही मधूनमधून जागी होते आणि सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याइतकं बाकीच्यांना खाली आणते. म्हणून रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी संध्याकाळी आणि सकाळी मोजा. एकच कोपरा बसला तर त्याची एअर स्प्रिंग किंवा नळी तपासा. पुढचे किंवा मागचे दोन्ही बसले तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह ब्लॉक. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतील.

कॉम्प्रेसरचा रिलेही आधी बदलून पाहा, तो स्वस्त आहे. आणि स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली मुळीच शिरू नका. हवा कधीही सुटू शकते.