भाषेच्या अभ्यासाला कुपवाडचा दाखला

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात घरोघरी इंजिनिअरिंग, मेडिकल, फार तर फार्मसी एवढीच चर्चा. त्यात मुलगी ‘मला भाषाविज्ञान शिकायचंय’ म्हणाली, तर घरचे धास्तावतात. अशा पालकांनी जॉन गम्पर्झ यांच्याविषयी जरूर वाचावं.

गम्पर्झ 1922 साली जर्मनीत जन्मले आणि अमेरिकेत शिकले. पदवी विज्ञानाची, पण रसायनशास्त्र सोडून ते भाषेकडे वळले आणि 1954 साली मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. झाले. भाषिक मानवशास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांत ते आघाडीचे. त्यांचा एक गाजलेला अभ्यास आपल्या शेजारच्या कुपवाडचा! रॉबर्ट विल्सन यांच्यासोबत लिहिलेला तो निबंध 1971 साली आला. कुपवाड तेव्हा खेडं होतं. जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, इतर अनेकांच्या घरी मराठी. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना जवळपास एक झाली. शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. रानात, बाजारात रोज एकमेकांशी काम पडतं, म्हणून रचना जुळली. घरची भाषा ही आपल्या समाजाची खूण, म्हणून शब्द टिकले. हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडलं नसतं, माणसांत बसूनच कळलं.

पुढे लंडनच्या विमानतळावरील कॅन्टीनमध्ये भारतीय-पाकिस्तानी बायकांचा उतरता सूर तिथल्या लोकांना उद्धट वाटत होता. गम्पर्झ यांनी ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंना ऐकवलं आणि घोटाळा सुराचा आहे, हे दाखवून दिलं. या विद्येचा रोजच्या जगण्यात असा उपयोग होतो.

आता पोटापाण्याचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञानाचं एम.ए. होतं, प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेलाही हा विषय आहे. प्राध्यापकीच्या कायम जागा मात्र थोड्या. केवळ त्यांच्या भरवशावर राहू नका. सोबत प्रोग्रामिंग शिकावं, म्हणजे बोलणं ओळखणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या यंत्रांच्या कामात शिरता येतं. आणि गडहिंग्लज-निपाणीकडच्या मुलांनी कानावर पडणारी कन्नड नीट लिहायला-वाचायला शिकावी. हे भांडवल पुण्या-मुंबईच्या मुलांकडे सहसा नसतं.

पालकांनो, नकार देण्याआधी मुलीला घेऊन एकदा डेक्कन कॉलेजचा विभाग बघून या. तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला, मगच ठरवा.