स्वतःच बरे होणारे काँक्रीट

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरचा आहे, म्हणजे स्लॅबचा!

मे महिन्यात डोंबिवलीला घरी गेले तेव्हा आजी म्हणाली, "अगं, तू सिव्हिलला ना? मग ही भेग बघ." हॉलच्या बीमला खालून लांब, सरळ भेग होती आणि कडेने तपकिरी डाग. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरत होतं, "केमिकल टाकून भरून घेऊ." सेल्फ-हीलिंग काँक्रीटवर नुकताच सेमिनार दिलेला, म्हणून मीही ऐटीत "चालेल" म्हणाले. तिथेच चुकलं.

साधं काँक्रीटही थोडंफार स्वतः बरं होतं. त्यात पाण्याशी क्रिया न झालेले सिमेंटचे कण उरलेले असतात. बारीक भेगेत पाणी शिरलं की त्यांची क्रिया सुरू होते. शिवाय आतला चुना कार्बन डायऑक्साइडशी मिळून चुनखडी बनवतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या हेंक यॉंकर्स यांनी यात जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य, कॅल्शियम लॅक्टेट, मिसळलं. पाणी लागताच जिवाणू जागे होऊन चुनखडी तयार करतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नमुने १०० दिवस पाण्यात ठेवले. साध्या नमुन्यांत ०.१८ मिमीपर्यंतच्या भेगा भरल्या, जिवाणू घातलेल्यांत ०.४६ मिमीपर्यंतच्या.

पण आमच्या बीमची भेग वेगळी होती. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून भेग भरणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आधी गळती थांबवायची, सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळई साफ करायची, फार झिजली असेल तर जोड सळई द्यायची, मग मॉर्टर भरायचं. तोपर्यंत बीमला टेकू.

ठाकुर्लीत जुलै २०१५ मध्ये जुनी इमारत कोसळून माणसं गेली. ३० वर्षांवरील इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. आमची ३४ वर्षांची. मी सेक्रेटरी काकांकडे जाऊन म्हणाले, "काका, मी चुकीचं बोलले, ऑडिट करा." आता ऑडिट चालू आहे आणि आजी आतल्या खोलीत झोपते.

आज रूमवर गेलात की एकदा वर बघा. सळईच्या रेषेत भेग, तपकिरी डाग किंवा सुटलेले पोपडे दिसले तर रेक्टर सरांना सांगा. त्यावर पोस्टर चिकटवू नका!