किरणोपचार संपल्यानंतर

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर अनेक रुग्णांना किरणोपचार घ्यावे लागतात. मागे उरलेल्या सूक्ष्म रोगपेशी नष्ट करणे हा त्यांचा हेतू होय. इगतपुरी तालुक्यातील स्त्रीला त्यासाठी नाशिक गाठावे लागते किंवा कसारा घाट उतरून मुंबईस जावे लागते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. उपचार शहरात होतात. परंतु त्यांपासून होणारा त्वचेचा दाह बहुधा रुग्ण घरी परतल्यावरच वाढतो.

दाह का होतो?

त्वचेच्या खालच्या थरात नव्या पेशी सतत तयार होत असतात. किरणांमुळे त्यांची वाढ मंदावते व झडणाऱ्या पेशींची जागा वेळेवर भरून निघत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्वचा कोरडी पडते, खाजते, तिची आग होते. काखेत व स्तनाखालच्या घडीत कातडी सोलवटून पाणीही सुटू शकते. सावळ्या वर्णावर लाली सहजी दिसत नाही, त्वचा काळवंडते. म्हणून केवळ पाहून न थांबता रुग्णास विचारणे आवश्यक ठरते.

पूर्वी ५ आठवड्यांत २५ मात्रा देण्याची पद्धत रूढ होती. ३ आठवड्यांत १५ मात्राही तितक्याच गुणकारी असल्याचे ब्रिटनमधील चाचण्यांनी २००८ साली दाखविले. या पद्धतीत त्वचेला त्रास कमी होतो व प्रवासही वाचतो. मात्र दाहाचा जोर उपचार संपल्यावर एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. पुढे काही आठवड्यांत तो ओसरतो.

निगा कशी राखावी?

कोमट पाणी व सौम्य साबणाने अंग हलक्या हाताने धुवावे, न घासता टिपून कोरडे करावे. उपचार चालू असताना अंगावरील खुणा पुसू नयेत. सैल सुती कपडे वापरावेत; ऊन व शेक टाळावा. हळद, चुना, बाम यांसारखे घरगुती लेप लावू नयेत. मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे. पाणी सुटणे, पू किंवा ताप दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

जीवनमानाचा प्रश्न

रोग आटोक्यात आला, एवढ्याने उपचाराचे यश पूर्ण होत नाही. झोप, वेदना, थकवा, घरकाम, स्वतःच्या शरीराविषयीची भावना यांची विचारपूस करणाऱ्या प्रश्नावल्या मराठीतही उपलब्ध आहेत. इगतपुरीच्या पावसात भातलावणीला उभी राहणारी, ओले कपडे अंगावर वाळविणारी, कमरेवर हंडा वाहणारी स्त्री 'बरी आहे' एवढेच सांगते. या कामांपासून काही आठवडे तिची सुटका करणे हाही औषधाचाच भाग होय.

गावाचे कर्तव्य

दाहाच्या भीतीने उपचार मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचा धोका वाढतो. बाहेरून दिलेल्या किरणोपचारांमुळे रुग्णाच्या शरीरातून किरण बाहेर पडत नाहीत; मुलाबाळांनी तिच्याजवळ बसण्यात कोणताही धोका नाही. हा रोग संसर्गजन्यही नाही. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. कर्करुग्णांना रेल्वेभाड्यात सवलतही मिळते. त्यासाठी लागणारी कागदपत्रे वेळेवर मिळवून द्यावीत. उपचार संपवून परतलेल्या स्त्रीची आशा कार्यकर्ती व परिचारिका यांनी पुढील महिनाभर दर आठवड्यास भेट घेतली, तर तिचा सर्वांत कठीण काळ निगराणीविना जाणार नाही.