नाव न लिहिता ओळख कशी लिहावी?



परीक्षा बोर्डाची असो की लोकसेवा आयोगाची, एक नियम सारखाच असतो. उत्तरपत्रिकेच्या आत कोठेही आपले नाव अथवा ओळख पटेल अशी खूण करावयाची नाही. आणि त्याच उत्तरपत्रिकेत कधी ‘मी कोण?’, कधी ‘माझे गाव, माझी माणसे’, तर कधी ‘ओळख आणि आपलेपणा’ अशा विषयावर निबंध लिहावा लागतो. नाव लिहावयाचे नाही, पण ओळख मात्र लिहावयाची! हा पेच वाटतो खरा. परंतु या निबंधाची किल्ली त्यातच आहे. आपले नाव झाकले तरी जी ओळख उरते, तीच कागदावर उतरवावयाची असते.

या विषयावर आपल्या मुलामुलींचे निबंध वाचताना आम्हांस दोन प्रकार दिसतात. काही जण परीक्षकाला कळेल या धास्तीने स्वतःला पूर्ण लपवितात आणि ‘विविधतेत एकता’ यावर चार गुळगुळीत परिच्छेद लिहून मोकळे होतात. काही जण जयंतीच्या व्यासपीठावरील भाषणच उतरवून काढतात. पहिल्यात लिहिणारा सापडत नाही, दुसऱ्यात विचार सापडत नाही. दोन्हींत गुण जातात, आणि आपले म्हणणे सांगण्याची संधीही जाते.

यास्तव प्रथम विषयाची फोड करावी. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

१. दुसरे आपल्याला काय म्हणतात?

१९०१ साली बालवयातील बाबासाहेब भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरलेली नीटनेटक्या कपड्यांतील मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकावयास तयार होईना. शेवटी मुलांनीच गाडी हाकली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आता विचार करा, त्या क्षणी मुलांमध्ये काय बदलले होते? कपडे तेच, बोलणे तेच. मध्ये फक्त एक शब्द आला होता. लादलेली ओळख कशी काम करते, हे सांगावयास याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

२. आपण स्वतःला काय म्हणतो?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि २२ प्रतिज्ञा उच्चारल्या. जन्माने मिळालेली ओळख टाकून विचारपूर्वक दुसरी स्वीकारण्याचे एवढे मोठे उदाहरण जगात विरळाच. परंतु स्वीकारलेली ओळख दप्तरात नोंदली जावयास वेळ लागतो. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती महाराष्ट्राने १९६० पासून चालू ठेवल्या. केंद्राच्या कायद्यात त्यांचा समावेश व्हावयास मात्र १९९० साल उजाडले. सरकारी कागदावर ‘नवबौद्ध’ आणि आपल्या तोंडी ‘बौद्ध’, असा फरक त्यातूनच राहिला. येथे शब्द जपून वापरावेत. ‘अनुसूचित जाती’ हा कायद्याचा शब्द आहे, ‘बौद्ध’ हा धम्माचा, तर १९७२ साली दलित पँथर स्थापन झाल्यावर घरोघरी पोहोचलेला ‘दलित’ हा चळवळीचा. हे एकमेकांच्या जागी टाकले की विचार गढूळ होतो.

३. आपण कोणाचे, आणि कोण आपले?

पहिले दोन प्रश्न ओळखीचे आहेत, हा आपलेपणाचा. याचे उत्तर एकट्याला देता येत नाही. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना, आपल्याला मायभूमी नाही, असे सांगितले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांची घटनेच्या मसुदा समितीवर नेमणूक झाली व ते तिचे अध्यक्ष झाले. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की, बंधुभावावाचून समता आणि स्वातंत्र्य टिकणार नाही. या तीन तारखा एका ओळीत मांडून पाहा. हक्क कायद्याने मिळतात; आपलेपणा मात्र समोरच्याने दार उघडल्याशिवाय पुरा होत नाही.

हाच प्रश्न आपल्याही दाराशी विचारावा. आपल्यात पोटजात पाहून सोयरीक होते काय? लग्नानंतर सुनेचे नावच बदलून टाकताना तिला कोणी विचारले होते काय? स्वतःच्या घरालाही प्रश्न विचारणारा निबंध परीक्षकाला प्रामाणिक वाटतो, कारण तो तसा असतो.

तयारी कशी करावी?

एका वहीत वरील तीन प्रश्नांचे तीन रकाने आखावेत. रोज एक नोंद करावी. पाणवठा, वसतिगृहाची खानावळ, विहारातील वंदना, नोकरीचा अर्ज, कोठलीही चालेल. महिन्याने त्यातील एक प्रसंग निवडून पाच-सहा ओळींत लिहावा. गावाचे, शाळेचे, कोणाही व्यक्तीचे नाव न घालता ‘आमच्या गावात’ एवढेच लिहावे. प्रसंग खरा असला की नावाची गरज उरत नाही.

सुरुवातीकडे विशेष लक्ष द्यावे. ‘ओळख हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे’ हे वाक्य कोणीही लिहील. त्याऐवजी, ‘खोली रिकामी होती; आमचे आडनाव ऐकताच ती भाड्याने गेलेली निघाली’ असे लिहिले, तर शहरात घर शोधणाऱ्याची सगळी हकिकत एका वाक्यात येते.

‘ओळख धरून बसल्याने देशाची एकता बिघडत नाही काय?’ हा आक्षेप स्वतःच मांडावा आणि त्याला शांतपणे उत्तर द्यावे. कडवट शब्दांनी वजन वाढत नाही. तारीख, आकडा आणि प्रसंग यांनी वाढते. उदाहरणार्थ, २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत १२५-१२५ गुणांचे दोन निबंध असतात, आणि ते मराठीतूनही लिहिता येतात. प्रत्येकी दीड तासातील पहिली वीस मिनिटे आराखड्यासाठी ठेवावीत. दहावीच्या विद्यार्थ्यांनी एक प्रसंग आणि एक विचार एवढ्यावरच थांबावे.

मित्रहो, पिढ्यान् पिढ्या आपली ओळख दुसऱ्यांनी लिहिली. आज कोरा कागद तुमच्या पुढे आहे आणि लेखणी तुमच्या हाती. कागदावर नाव नसले तरी हे कोणी जगून लिहिले आहे, एवढे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. सर्व परीक्षार्थींना आमच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!