रासायनिक सरळीकरणानंतरची केशचिकित्सा : मूळ आणि कांड यांचा विवेक

प्रास्ताविक

गेल्या वीस वर्षांत पुणे शहरातील वैद्यांकडे येणाऱ्या केशविकारांचे स्वरूप बरेच पालटले आहे. कोंडा, अकाली पालित्य आणि बाळंतपणानंतरची केसगळती या नेहमीच्या तक्रारी आजही आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, रीबाँडिंग आणि केराटिन या नावांनी होणाऱ्या उपचारांनंतर बिघडलेल्या केसांचा एक नवा वर्ग उभा राहिला आहे. पहिला उपचार बहुधा घरातील लग्नकार्याच्या वा नव्या नोकरीच्या निमित्ताने होतो. सहा-आठ महिन्यांत मुळाकडून मूळचे कुरळे केस डोकावू लागतात. मग पुन्हा पार्लर. मध्येच कंटाळून रुग्णा नैसर्गिक केसांकडे वळते. पण वर कुरळे आणि खाली सरळ असे दोन जातींचे केस सांभाळणे कठीण होऊन काही महिन्यांत ती पुन्हा सरळीकरणाकडे जाते. या ये-जा करण्यात केस विरळ होतात, शेंडे झडतात आणि अखेरीस ती आपल्यासमोर येऊन विचारते, ‘माझे केस पूर्वीसारखे होतील ना?’

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला धरून द्यावयाचे, तर केसाचे मूळ आणि केसाचे कांड यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. तोच विवेक प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

ग्रंथोक्त विचार

केश व लोम हे अस्थिधातूचे मल मानले आहेत. याचा व्यवहारातील अर्थ असा की, त्वचेबाहेर आलेला केस हा शरीराने बाहेर टाकलेला भाग आहे. त्यात रसरक्ताचा संचार नाही. जिवंत आहे तो रोमकूप. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानातील क्षुद्ररोगांच्या अध्यायात खालित्याची संप्राप्ती सांगताना रोमकूपांत गेलेले पित्त वातासह केसांना च्युत करते आणि त्यानंतर रक्तयुक्त कफ रोमकूपांचा रोध करतो, असे वर्णन केले आहे. म्हणजे व्याधीचे अधिष्ठान रोमकूप आहे, केसाची लांबी नव्हे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग निषिद्ध ठरवला आहे. क्षार हा केस, नेत्र, हृदय आणि पुंस्त्व यांना घातक असून त्याचा सतत उपयोग करणाऱ्या जनपदांत खालित्य व पालित्य आढळते, असे ते सांगतात. तेथील संदर्भ आहाराचा आहे हे खरे; तरीही क्षाराच्या तीक्ष्ण-उष्ण गुणांचे केसांशी असलेले वैर आचार्यांनी नेमके ओळखले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वाग्भटाचार्यांनीही उष्ण जलाचा परिषेक अधःकायास बलदायक, पण शिरावर केल्यास केस व नेत्र यांचे बल हरण करणारा सांगितला आहे. जेथे कढत पाणीही वर्ज्य, तेथे १८० अंश सेल्सिअसची इस्त्री काय करीत असेल, हे सुज्ञ वैद्यांना सांगणे न लगे.

सरळीकरणात नेमके काय घडते?

केसाचा मुख्य घटक केराटिन हे प्रथिन होय. त्याच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी परस्परांशी जोडलेल्या असतात आणि कुरळेपणा टिकवण्यात या दुव्यांचा मोठा वाटा असतो. रीबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटयुक्त लेपाने (सामू साधारणपणे ९ च्या वर) हे दुवे तोडतात, तापलेल्या पट्ट्यांनी केस सरळ करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने दुवे नव्या स्थितीत पुन्हा जोडतात. सोडियम हायड्रॉक्साइडचे लेप याहून तीव्र, सामू १२ ते १४ चे असतात; त्यांनी झालेला बदल कायमचा असतो. केराटिन उपचारात बाहेरून लावलेले द्रव्य उष्णतेने केसावर बसवतात. त्यासाठी फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्ये किंवा ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरले जाते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, बदललेले कांड कोणत्याही तेलाने वा लेपाने पूर्ववत कुरळे व बळकट होत नाही. दोन, रोमकूपास इजा झाली नसेल तर मुळातून येणारा नवा केस मूळ प्रकृतीचाच असतो. हानी वाढते ती मुख्यतः एकाच कांडावर लेप पुन्हा चढल्याने. थायोग्लायकोलेट केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइडचा लेप लावल्यास केस मोठ्या प्रमाणात तुटतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांत नैसर्गिक व सरळ केसांमधील ही ये-जा अनेक पिढ्यांपासून परिचयाची आहे. तेथेही परतीचे दोनच मार्ग रूढ आहेत : सरळ भाग एकदम कापून टाकणे, किंवा नवा केस वाढेल तसा जुना थोडाथोडा छाटत जाणे.

परीक्षण : भंग की पतन?

रुग्णा ‘केस गळतात’ असेच म्हणते. वैद्याने तिला दोन दिवसांचे गळलेले केस कागदात घालून आणण्यास सांगावे. टोकाला पांढरा बारीक गोळा असेल तर केस मुळापासून सुटला आहे, ते केशपतन. गोळा नसून टोक फाटलेले वा दबलेले असेल आणि तुकड्यांची लांबी कमीजास्त असेल तर तो केशभंग. भंग बहुधा कुरळ्या व सरळ भागांच्या सांध्यावर होतो, कारण तेथे दोन भिन्न बलांचे भाग एकत्र येतात.

केवळ भंग असेल तर पोटातील औषधांची लांबलचक यादी व्यर्थ होय. पतन असेल तर कारण शोधावे. ज्वर, प्रसूती, शस्त्रकर्म किंवा कडक उपवासानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि दोष मात्र स्मूदनिंगवर येतो. पांडुता अवश्य तपासावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली होती. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची चाचणी करून घेण्यात आयुर्वेदाला कोणताही उणेपणा नाही. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अचानक केस गळू लागले, तेव्हा प्रथम पाण्यावर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे लक्ष वेधले. दिसणारे कारण हेच खरे कारण असे गृहीत धरू नये, हा त्यातील बोध.

मुळाची चिकित्सा

१) शिरस्त्वचेवर दाह, फोड वा व्रण असल्यास तेल, लेप व मर्दन सर्व थांबवावे. सौम्य दाहावर शतधौत घृत पुरेसे. व्रण खोल असल्यास किंवा त्वचा गुळगुळीत होऊन रोमकूप दिसेनासे झाले असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. नष्ट झालेल्या रोमकूपातून केस येत नाही.

२) त्वचा निकोप झाल्यावर भृंगराज तैल किंवा नीलीभृंगादी तैल आठवड्यातून दोन-तीन वेळा, बोटांच्या अग्रांनी, हलक्या हाताने लावावे. जोराने चोळल्यास सांध्यावरचे केसच तुटतात.

३) प्रतिमर्श नस्यासाठी अणुतैलाचे दोन-दोन थेंब योजावेत. षड्बिंदू तैलाचे नस्य मात्र वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

४) पित्तप्रधान प्रकृतीत आमलकी रसायन ३ ग्रॅम दिवसातून दोन वेळा, पांडुता असल्यास नवायस लोह, अस्थिधातूच्या दौर्बल्याची अन्य लक्षणे असल्यास तिक्त द्रव्यांनी सिद्ध क्षीर व घृत. अग्निमांद्य असता रसायन देऊ नये. आधी दीपन-पाचन करावे.

५) आहारात डाळी, उसळी, दूध, तीळ, हळीव, आवळा असावेत. सकाळी चहा-बिस्किट आणि रात्री उशिरा एक जेवण, या क्रमावर केस वाढत नाहीत, हे रुग्णेला स्पष्ट सांगावे.

कांडाची जपणूक

कांडाला औषध नाही, जपणूक आहे. २००३ साली रेले आणि मोहिले या मुंबईतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा न्हाण्यापूर्वी वा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसांतील प्रथिनांची हानी कमी झाल्याचे दिसले. हे संशोधन तेल बनविणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतील आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याचे मूल्य करावे. तथापि आपल्या परंपरेशी ते जुळणारे आहे. न्हाण्यापूर्वी तासभर कांडाला, विशेषतः सांध्याला, खोबरेल लावावे.

रिठ्याचा काढा रोज वा दाट स्वरूपात वापरू नये. आधीच रूक्ष झालेले केस त्याने अधिक रूक्ष होतात. शिकेकाई व आवळकाठी यांचा गाळलेला सौम्य काढा, त्यानंतर जास्वंदीच्या पानांचा किंवा भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीत रस, असा क्रम ठेवावा. गुंता ओल्या केसांत, रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून वर जात सोडवावा.

पुण्यात दोन गोष्टी विशेष विचाराव्यात. पहिली पाणी : खडकवासल्याचे पाणी मृदू, पण उपनगरांतील अनेक गृहसंकुले टँकर व कूपनलिकेवर अवलंबून असतात. जड पाण्याने केस राठ होतात. शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत. दुसरी दुचाकी : हेल्मेटखाली वा स्कार्फमध्ये घट्ट आवळलेले केस नेमके सांध्यावर घासतात. सैल वेणी घालून वर मऊ सुती वा रेशमी कापड घ्यावे.

काळाचा हिशेब

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे सहा महिन्यांत सहा-सात, वर्षभरात बारा ते पंधरा सेंटिमीटर नवा केस मिळतो. खांद्यापर्यंत येण्यास दोन-अडीच वर्षे, कमरेपर्यंत चार-पाच वर्षे धरावीत. हा हिशेब पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्यावा. दर दोन-तीन महिन्यांनी सरळ शेंडे दोन-तीन सेंटिमीटर छाटावेत. चौथ्या ते आठव्या महिन्यात दोन जातींचे केस सर्वाधिक खुपतात आणि रुग्णा पुन्हा सरळीकरणाकडे वळण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. त्या काळात भेटी वाढवाव्यात, छायाचित्रे व मोजमाप दाखवावे. घरातील वडीलधाऱ्यांना लांब केस कापणे अशुभ वाटत असेल तर त्यांनाही समजावून सांगणे हा चिकित्सेचाच भाग आहे.

एक गंभीर सूचना

२०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्समधील वैद्यकांनी एका २६ वर्षांच्या स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या लेपाने सरळीकरण केल्यानंतर तिच्या वृक्कांस तीन वेगवेगळ्या वेळी तीव्र इजा झाली होती. त्याआधी २०२३ मध्ये इस्राएलमधूनही अशा २६ रुग्णांची नोंद आली होती. म्हणून उलटी, मळमळ, पोटदुखी वा कंबरदुखी घेऊन आलेल्या तरुण स्त्रीला ‘या आठवड्यात केसांवर काही उपचार केला का?’ हे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास अम्लपित्ताची औषधे देऊन घरी न पाठवता त्याच दिवशी क्रिएटिनिन तपासावे व रुग्णालयात पाठवावे.

औषधालय-चालकांसाठी

‘खराब केस दुरुस्त करणारे तेल’ अशी मागणी आली तर बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : केस तुटतात की मुळापासून गळतात? शेवटचा रासायनिक उपचार केव्हा झाला? त्वचेवर जखम असल्यास तेल न देता वैद्याकडे पाठवावे. मेंदी विकताना शुद्ध पानांची मेंदी आणि रसायनमिश्रित ‘काळी मेंदी’ वेगळ्या ठेवाव्यात. काही मिश्रणांतील धातूंचे क्षार पुढे पेरॉक्साइडशी प्रक्रिया करून केस जाळू शकतात. आणि सहा आठवड्यांत दाट केसांची ग्वाही कोणाही ग्राहकास देऊ नये.

उपसंहार

औषध मुळाला, जपणूक कांडाला, आणि धीर रुग्णेला, असे या चिकित्सेचे सूत्र आहे. ‘पूर्वीसारखे होतील ना?’ या प्रश्नाला ‘हे केस नाहीत, पण मूळ निकोप असेल तर यांच्या जागी येणारे होतील,’ असे उत्तर द्यावे. ते ऐकून एखादी रुग्णा नाराज होऊन दुसरीकडे जाईलही. परंतु जी थांबेल ती दोन वर्षांनी स्वतःच्या केसांवरून आपल्या शास्त्राची परीक्षा करील, आणि त्या परीक्षेस आपण निःशंकपणे सामोरे जाऊ शकू.