उदासी म्हणजे ईमानची कमतरता नव्हे



दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये ह. याकूब (अ.) यांच्या शोकाचे वर्णन आहे. पुत्रवियोगाच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. यूसुफची आठवण काढत ते स्वतःचा नाश करून घेतील, असा बोल इतर मुलांनी लावला. त्यांनी मात्र आपले दुःख अल्लाहपुढे मांडले. अल्लाहने या शोकाला ईमानचा दोष म्हटले नाही. मग उदास मुलाला आपण कोणत्या आधारावर दोषी ठरवतो?

कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबांचे आप्त ब्रिटनमध्ये स्थायिक झाले आहेत. अशाच एका घरातील दादी, बर्मिंगहॅममधील नातवासाठी तावीज मागण्यास माझ्याकडे आल्या. मुलाची झोप उडाली होती, कॉलेज सुटले होते. मी फोनवरून त्याला नमाजची ताकीद दिली. त्याने एवढेच विचारले, "मौलाना, अल्लाह माझ्यावर नाराज आहे का?" त्याच्या दुःखावर मी अपराधाचे ओझे चढवले होते. आधी ऐकून घेणे हे माझे कर्तव्य होते. ते माझ्याकडून चुकले.

परदेशात वाढणाऱ्या या मुलांची अडचण समजून घ्या. शाळेत धर्मावरून टोमणे ऐकावे लागतात. घरी आईवडिलांनी त्यांच्यासाठी वतन सोडलेले असते, त्यामुळे तक्रार करणे त्यांना कृतघ्नपणा वाटतो. मुलगा ज्या इंग्रजीत मन मोकळे करू शकतो, ती दादीला येत नाही. आणि दादीच्या बोलीत त्याला आपल्या आजारासाठी शब्द सापडत नाही. त्यात 'लोक काय म्हणतील' आणि 'उद्या स्थळ कसे मिळेल' ही भीती.

उपचार घेणे तवक्कलच्या विरुद्ध नाही. उपचार करावेत का, असे लोकांनी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी होकार दिला आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक रोगाला अल्लाहने औषध ठेवले आहे, असे सांगितले. ब्रिटनमधील मुस्लिमांनी या दिशेने पावले टाकली आहेत. 2001 साली लंडनमध्ये तरुणांनीच 'मुस्लिम यूथ हेल्पलाइन' सुरू केली. तेथे प्रशिक्षित स्वयंसेवक गोपनीयता राखून ऐकतात. लीड्स विद्यापीठात गझाला मीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरील एक उपचारपद्धती मुस्लिम रुग्णांसाठी अनुकूल केली. तीत सुटलेली कामे लहान लहान टप्प्यांनी पुन्हा सुरू केली जातात आणि रुग्णाची इच्छा असल्यास इबादतीचाही आधार घेतला जातो. इंग्लंडमध्ये प्रौढ व्यक्ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविनाही सरकारी समुपदेशनासाठी स्वतः नाव नोंदवू शकते.

आपण येथून काय करावे? फोनवर गुण आणि नोकरीआधी झोप, भूक आणि मित्रांविषयी विचारा. मुलाचे बोलणे मध्येच तोडू नका. त्याची तुलना चुलत भावंडांशी करू नका. ऐकलेले नातलगांत पसरवू नका. ती अमानत आहे. तो मरणाची भाषा बोलला तर तिला नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि तेथील आप्तांना सांगून तात्काळ वैद्यकीय मदत मिळवून द्या.

मी त्या मुलाला पुन्हा फोन केला आणि माफी मागितली. पुढे तो मामासोबत डॉक्टरांकडे गेला. दादी आजही फजरनंतर त्याच्यासाठी दुआ करतात, आणि दर जुम्म्याला फोन करून त्याचे ऐकतात.

अल्लाह आपल्या मुलांना शिफा देवो आणि आपल्याला ऐकून घेण्याची तौफीक देवो. आमीन.