चौथ्या क्रमांकाचा भरवसा

एप्रिल उजाडला की आमच्या लीगमधला जो तो गणिती होतो. आम्ही दहा जण, काही पेडणे तालुक्यातले, काही डिचोलीचे. फँटसी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर पॉइंट मिळवायच्या खेळात, दर आठवड्याला एकाची गाठ एकाशी. जिंकलं की ३ गुण, बरोबरीला १. प्रत्येकाची प्रत्येकाशी चारदा गाठ पडली की ३६ फेऱ्या भरतात. मग पहिले चार जण ३७व्या आठवड्यात उपांत्य लढती खेळतात आणि ३८व्यात, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, अंतिम लढत. पैशांचा व्यवहार नाही. बाहेर राहिलेल्या सहा जणांनी मिळून मासळीचं जेवण घालायचं. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. त्याने आमच्या जेवणावळीला धक्का लागला नाही.

हिशेबाची वही माझ्याकडे असते. त्यामुळे कोण कशावर विसंबून बुडतो ते मला बसल्या जागी दिसतं. बहुतेक जण विसंबतात ते गुणतक्त्यातल्या क्रमांकावर.

डिचोलीच्या आमच्या एका औषधविक्रेत्या मित्राचं उदाहरण घ्या. चार फेऱ्या उरल्या होत्या आणि तो तिसरा होता. दुकानात काउंटरवर वही उघडून मी त्याला दाखवलं की त्याने हंगामभर जमवलेले एकूण पॉइंट दहा जणांत आठवे आहेत. कधी ४४ करून जिंकला, कारण समोरच्याने ३९ केले. कधी ४८वर निभावलं. त्याच आठवड्यांत दुसरीकडे ८०च्या पुढे जाऊन हरलेले लोक होते. तो गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत म्हणाला, "विजय तो विजय." खरं आहे, झालेला विजय कोणी काढून घेत नाही. पण पुढचा विजय त्यातून मिळत नाही. राहिलेल्या चारांपैकी तिघे प्रतिस्पर्धी एकूण पॉइंटांत सगळ्यांत वरचे होते. तो सहावा आला.

म्हणून पहिलं काम हे करा. दर आठवड्याचे दहाही आकडे मांडा आणि बघा, या आठवड्यात तुम्ही उरलेल्या नऊपैकी किती जणांना हरवलं असतं. सरासरी साडेचारच्या आसपास असेल तर तुम्ही मधले, तक्त्यात दुसरे असलात तरी. मी तर शेवटच्या दहा आठवड्यांचीच सरासरी धरतो. ऑगस्टमधल्या टीमचा आणि एप्रिलमधल्या टीमचा फारसा संबंध उरलेला नसतो.

आता मागे असलेल्यांची गोष्ट. "सहाच गुण मागे आहे, चार फेऱ्या आहेत, होऊन जाईल," हे वाक्य दर एप्रिलला ऐकू येतं. तुम्ही आणि पुढचा तोडीस तोड आहात, सामना बरोबरीत सुटत नाही आणि तुमची आपसात गाठ नाही, असं समजू. चार-चार सामन्यांचे मिळून २५६ प्रकार होतात. त्यांतल्या ३७ प्रकारांत तुम्ही त्याला गाठता, म्हणजे सातात एकदा. त्या ३७मधल्या २८ प्रकारांत तुम्ही पुढे जात नाही, फक्त बरोबरीला येता. निर्भेळ पुढे जाणं उरलं ९ प्रकारांत. बरोबरी फुटते एकूण पॉइंटांवर. ते तुमचे जास्त असतील तर आशा सातात एक, कमी असतील तर जवळजवळ अठ्ठाविसात एक. गुण तेवढेच, अंतर तेवढंच, आणि फरक चौपट! आपसातली गाठ बाकी असेल तर मात्र चित्र पालटतं. त्या एका सामन्यात तीन गुणांचं अंतर तुटतं किंवा वाढतं.

खऱ्या मैदानावरही हेच. २०२२-२३मध्ये इंडियन सुपर लीगने प्लेऑफचं दार चारांऐवजी सहा संघांना उघडलं. एफसी गोवा शेवटचा सामना बंगळुरूत खेळायला गेला तो जिंकणं भाग आहे या अवस्थेत, आणि १-३ने हरला. २७ गुण, सातवा क्रमांक. ओडिशा ३०वर सहावा. आत शिरलं म्हणजे झालं असंही नाही. २०१९-२०मध्ये गोवा साखळीत पहिला होता, शील्ड घेतली, आणि उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून चेन्नईत १-४ने हरला. फातोर्ड्यात ४-२ने जिंकूनही एकूण ५-६. तेव्हा पोचण्याची शक्यता आणि जिंकण्याची शक्यता वेगवेगळ्या लिहा.

समोरच्याकडे काय शिल्लक आहे तेही पाहा. २०२५-२६पासून प्रत्येक चिप, म्हणजे एका आठवड्यापुरती वापरायची खास सवलत, दोनदा मिळते, एक १९व्या आठवड्यापर्यंत वापरायची, दुसरी नंतर. इंग्लंडात चषकाच्या सामन्यांमुळे लीगचे सामने पुढे ढकलले जातात. मग काही क्लबांना एका आठवड्यात सामनाच नसतो आणि नंतर कधीतरी एकाच आठवड्यात दोन येतात. त्या दोनवाल्या आठवड्यासाठी बेंच बूस्ट आणि ट्रिपल कॅप्टन या चिपा राखून बसलेला माणूस त्याच्या सरासरीपेक्षा भारी असतो. चिपा संपवलेल्याला त्या आठवड्यात गाठलंत तर तुमचं नशीब.

झोपलेल्या टीमही मोजा. जानेवारीनंतर जिला मालकाने हात लावलेला नाही अशी एक तरी असतेच. तिच्याशी कोणाची गाठ बाकी आहे, यावर चौथा क्रमांक ठरलेला मी पाहिला आहे. शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन हातघाईच्या दिवसांत येते. आमच्यातला एक धोंड, म्हणजे देवीचं व्रत पाळणारा भक्त, आहे. व्रताच्या दिवसांत तो टीम बघत नाही आणि ते योग्यच आहे. पण त्याच्याशी सामना असलेल्याने याला आपली हुशारी समजू नये.

शेवटची गोष्ट घड्याळाची, तिच्यापायी दरवर्षी कोणीतरी रडतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर पुढे जातात. शनिवारी पहिला सामना तिथल्या साडेबाराला असेल तर टीम बंद होण्याची वेळ आपल्याकडे हिवाळ्यात साडेचार असते, ती साडेतीनवर येते. जेवून आडवं होण्याची वेळ. मोपाजवळचा एक सदस्य चार वाजता उठला, तोवर त्याचा दुखापतग्रस्त कॅप्टन कायम झाला होता. उपकप्तानही नेमका त्या आठवड्यात आपल्या क्लबच्या बाकावर. अंतिम लढतीच्या दिवशी सगळे सामने एकदमच, सहसा आपल्या साडेआठला सुरू होतात. टीम सातला बंद. मे अखेरीस वळवाच्या पहिल्या सरीला वीज जाते तीही साधारण त्याच सुमारास, तेव्हा फोन दुपारीच चार्ज करा.